रेशमाच्या शेडामागचं डोहाळजेवण

"मने, सुनेचं डोहाळजेवण काढलंय रविवारी. येत असशील तर ये, न्हाई तर मंग डायरेक्ट बारशाला ये."

केदारखेड्याच्या सुमनमावशीचा असा फोन आला आणि मी तिथल्या तिथे हो म्हणून टाकलं. मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. दर दिवाळीला "या की एकदा" म्हणते आणि दर दिवाळीला मी कुठल्या तरी लांबच्या देशाचं तिकीट काढलेलं असतं.

हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माझा उद्योग माहीत आहे. मी फिरते आणि लोक ज्याला नाक मुरडतात ते खाऊन बघते. बँकॉकच्या फुटपाथवर तळलेला विंचू खाल्ला, आइसलँडमध्ये कुजवून वाळवलेला शार्क खाल्ला, फिलिपिन्समध्ये आत पिल्लू तयार झालेलं उकडलेलं अंडं खाल्लं. जालना जिल्ह्यात मात्र मी खायला नाही, जेवायला चालले होते. मावशी माळकरी आहे. तिच्या घरात अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही. बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी आणि रविवारी पुरणपोळी, एवढंच डोक्यात होतं. कॅमेरा कपाटात ठेवला आणि दोन साड्या घेऊन निघाले. आजवरच्या सगळ्या प्रवासांत मी सगळ्यात जास्त हादरणार आहे ती इथे, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

पुण्याहून शुक्रवारी पहाटेची बस पकडली. संभाजीनगरला चहा आणि दुपारच्या आत जालना. जालन्याच्या स्टँडवरून भोकरदनकडे जाणाऱ्या एसटी भरपूर आहेत, बायकांना अर्धं तिकीट, आणि खिडकीची जागा मिळाली तर रस्ता झकास आहे. वेचणीला आलेला कापूस, पिवळी पडत चाललेली तूर, मधेच मोसंबीची एखादी बाग. राजूरला उतरून गणपतीचं दर्शन घेतलं. जाणार असाल तर चतुर्थी टाळून जा, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आडवारी गेलात तर निवांत दर्शन होतं आणि खाली उतरल्यावर गरम भजी, सोबत तळलेली मिरची मीठ लावून मिळते. ती मिरची खाताना डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा टपरीवाला म्हणाला, "बाहेरगावच्या दिसता." माझ्या विंचवाची त्याला काय कल्पना!

केदारखेड्याच्या फाट्यावर काका मोटरसायकल घेऊन उभे होते. मावशीचे यजमान. उंच, हाडकुळे, कमी बोलणारे, गालात तंबाखू. त्यांची वस्ती गावापासून आत, शेतातच आहे. मातीच्या रस्त्याने जाताना एके ठिकाणी एकदम हिरवागार पट्टा लागला, बाकी शिवार वाळलेलं असताना.

"हे काय लावलंय?"

"तुती. रेशमाच्या अळ्यांना. तुझ्या मावशीचं राज्य हाय ते."

घराच्या मागे हिरव्या जाळीची दोन लांबलचक शेडं होती. मावशी त्यातल्या एकाच्या दारात उभी होती. मी मिठी मारायला पुढे झाले, तर तिने दोन्ही हात आडवे धरले.

"सेंट लावलंस?"

"हो, थोडंसं."

"मंग लांबच राह्य. आधी आंघोळ कर, कपडे बदल, मंग ये. वासानं मरतात माझी लेकरं."

पाणीसुद्धा न पिता मी न्हाणीघरात. हा पहिला धक्का. दुसरा तिथून बाहेर आल्यावर. नऊवारी नाही पण डोक्यावर पदर घेतलेली, नाजूक चणीची, जरा बारीक डोळ्यांची एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन समोर आली आणि म्हणाली, "ताई, आई लई खूश होऊन राह्यल्या तुम्ही येऊन राह्यले म्हणून."

ही जोनाली. मावशीचा मुलगा गजानन फौजेत आहे. आसामात पोस्टिंग असताना त्याने तिथेच लग्न जमवलं आणि आता तो सीमेवर कुठेतरी, बायको आईवडिलांजवळ. गावाला जोनाली म्हणता येत नाही म्हणून सगळे तिला सोनाली म्हणतात. दोन वर्षांत तिने अशी मराठी उचलली होती की पुण्याच्या माझ्या मराठीला पोरकं वाटावं. सातवा महिना चालू होता, पण चेहरा मात्र सुकलेला.

संध्याकाळी मावशीने शेड दाखवलं. चपला बाहेर, पाय चुन्याच्या भुकटीत टेकवायचे आणि मग आत. रॅकवर तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या, इतक्या की पानं दिसेनात. आवाज असा की शेजारच्या खोलीत कुणी सारखं कागद चुरगाळतंय. मावशी त्यांच्यात लेकुरवाळीसारखी फिरत होती. एखादी कडेला आली की बोटाने अलगद आत सरकवत होती.

"ह्या शेवटच्या अवस्थेत हायत. आता लई भूक. दोन वेळा खाल्लं तरी पुरत न्हाई. पलीकडच्या शेडातल्यांनी कोष बांधले, त्या आता झोपल्या."

पलीकडच्या शेडात खरंच सगळं शांत होतं. प्लॅस्टिकच्या जाळ्यांत पांढरेशुभ्र कोष अडकलेले, बोरांएवढे. मी एक कानाशी हलवून बघितला. आत काहीतरी टक् करून आपटलं.

"आणि पुढे?"

"पुढं काय, त्याचं पाखरू होतं. कोष फोडून निघतं. मी बघितलेत ना, डागी कोष घरी राहतात त्यातून निघालेले. पांढरी पाखरं, भिंतीवर बसतात. बाकीचे कोष तुझे काका जालन्याला मार्केटात नेतात. तिकडं मोठ्या हॉलात ठेवतात, पाखरं निघून गेली की मंग धागा काढतात."

मी तिच्याकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. काका शेडाच्या बाहेर तुतीच्या फांद्यांचा भारा बांधत होते आणि बांधलेला भारा परत बांधत होते.

मला माहीत होतं. कोरियात, सोलच्या बाजारात उकडलेल्या रेशीमकिड्यांचा जो कागदी पेला माझ्या हातात आला होता, तो ह्याच धंद्यातून आला होता. कोष गरम पाण्यात टाकतात, धागा उलगडतात, आत जे मरून उरतं ते विकतात. पाखराने कोष फोडला की धागा तुटतो, तो कोष बाजाराच्या कामाचा राहत नाही. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पाहुणी म्हणून आले होते. मी का सांगायचं?

रात्रीच्या जेवणात बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत आणि वर लोण्याचा गोळा. मी तुटून पडले. जोनालीने अर्धी भाकरी चिवडली.

"असंच चाललंय बघ," मावशी माझ्याकडे वळली. "दोन महिने झाले विचारून राह्यले, बाई, तुला काय खावंसं वाटतं ते सांग. चिंचा आणल्या, आवळे आणले, राजूरहून पेढे आणले. कशालाच हात लावत न्हाई. मने, तू जग फिरलीस. तू विचार तिला."

जोनाली खाली मान घालून म्हणाली, "काही न्हाई आई. मला काही नको."

शनिवारी सकाळी मी हौसेने पाला टाकायला गेले. जोनाली शेडाच्या दारात बसून पानं निवडत होती. मला बघून म्हणाली, "ताई, गजाननने तुमचा व्हिडिओ दाखवला होता. कोरियातला. तुम्ही पेल्यातून खाऊन राह्यले होते."

"अगं, तो! बघितलास?"

"लई वेळा बघितला." मग हातातलं पान बाजूला ठेवून, "तुम्ही तोंड वाकडं का केलं?"

काय सांगणार? लोकांना हसू यावं म्हणून केलं होतं. मी म्हटलं, "मला सवय नव्हती ना."

"त्या अळ्यांना आम्ही पोलू म्हणतो," ती म्हणाली. "माझी आई मागीलदारी चूल मांडून धागा काढते. आम्ही शाळेतून आलो की तिच्या बाजूला बसायचो. धागा निघाला की ती आतला काढून हातावर द्यायची. गरम गरम. मीठ लावून." बोलता बोलता तिने आवंढा गिळला, आणि तो रडण्याचा नव्हता. तोंडाला सुटलेल्या पाण्याचा होता.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. दोन महिने ही मुलगी, जिला फक्त एकच गोष्ट खावीशी वाटते, ती त्याच गोष्टीच्या हजारोंच्या गराड्यात बसून पानं निवडत होती.

"मावशीला सांग."

"वेड लागलं का ताई? आई माळकरी हाय."

पण मावशी माळकरी आहे तशी हट्टीही आहे. दुपारी अंगणात शेंगदाणे सोलत बसलो होतो. काका बाजेवर, चुलीवर दूध. मावशीने पुन्हा विषय काढला आणि या वेळी सोडेना. डोहाळे अपुरे राहिले तर लेकराला ते बाधतं, असं तिचं ठाम मत. "नाव घे तू फक्त. जालन्यात न्हाई मिळालं तर संभाजीनगरहून आणायला लावते. महाग असलं तरी असू दे."

"आई, ते विकत न्हाई आणावं लागत," जोनाली अगदी हळू म्हणाली. "ते आपल्या शेडातच हाय."

मावशी हसली. "तुतीची फळं? मंग सांगायचं न्हाई का बाई!"

"फळं न्हाई. कोषाच्या आतलं."

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली.

"जिवंत जीव हाय तो! उद्या पाखरू होऊन उडणार हाय. तो खायचा? मी हातानं भरवून मोठी केलेली लेकरं खायची?"

जोनाली गोंधळली. खरोखर गोंधळली, ते मी बघितलं. तिला वाटत होतं आपण खाण्याची परवानगी मागतोय, आणि सासू भलतंच काही बोलतेय. "पण आई, ते उडत न्हाईत. धागा काढताना उकळत्या पाण्यातच टाकतात ना. मरतातच ते. मार्केटात गेलेले सगळेच मरतात."

"तुमच्या आसामात मरत असतील. आमच्याकडं तसं न्हाई." मावशी काकांकडे वळली. "अहो, सांगा तिला."

काका म्हणाले, "दूध उतू जाऊन राह्यलं."

कुणी उठलं नाही. दूध खरंच उतू गेलं. चुलीवर पडून करपल्याचा वास आला.

"सांगा ना," मावशी म्हणाली.

"आगं, सगळेच करतात. पूर्ण तालुका करून राह्यला."

"मी ते न्हाई विचारत. जीव जातो का त्यांचा?"

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "जातो."

"पहिल्या बॅचपासून?"

"पहिल्यापासून."

मावशी उठली. गळ्यातल्या माळेला तिने हात लावला, लगेच काढून घेतला, जणू चटका बसला. "मुंगी दिसली तर मी पाय बाजूला टाकते. आन तुम्ही माझ्या हातानं..." हातातली शेंग तिने खाली टाकली. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

विंचू खाताना, शार्क खाताना मीही अडखळले होते. पण ते अडखळणं खाण्याआधीचं असतं, घास गिळला की जातं. इथे कुणी अजून काही खाल्लंही नव्हतं आणि सोललेल्या शेंगदाण्यांनाही कुणी हात लावत नव्हतं.

संध्याकाळी पाला टाकायची वेळ झाली. मावशी उठली नाही. काका आणि मी तुती कापायला गेलो. मी विळा असा धरला की काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि मला भारा उचलायला लावलं.

"माझं चुकलं, हे मला समजतं," ते फांद्या छाटता छाटता म्हणाले. मी काही विचारलं नव्हतं. "कापसानं लागोपाठ दगा दिला तवा हे सुरू केलं. तिला खरं सांगितलं असतं तर शेडाचा एक बांबू उभा राहू दिला नसता. म्हटलं, एक बॅच निघू दे, मंग सांगू. मंग ती त्यांना लेकरं म्हणायला लागली. त्याच्यानंतर कोण सांगंल? तू सांगितलं असतंस?"

आदल्या दिवशी मीही तोंड मिटलं होतं. मी भारा उचलून डोक्यावर घेतला.

शेडात शिरलो तर अळ्या डोकी वर करून इकडेतिकडे हलवत होत्या. पान शोधत होत्या. सकाळच्या फांद्यांवर नुसत्या शिरा उरलेल्या. काका एका टोकाने टाकत होते, मी दुसऱ्या टोकाने, आणि माझं टाकणं चुकत होतं, फांद्या एकावर एक पडून खालच्या अळ्या दबत होत्या. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"असं न्हाई टाकत. चिरडून मारशील."

मावशी आत आली. डोळे सुजलेले. माझ्या हातातली फांदी घेतली, आडवी ठेवली, दुसरी तिच्या उलट दिशेने. तिने रॅकचं ते टोक पूर्ण केलं. काका तिच्याकडे बघत होते, तशी म्हणाली, "उपाशी ठेवू का मंग? त्यांनी काय केलंय?"

दारात जोनाली उभी होती, रडत. "आई, मला काही नको. खरंच काही नको. मी बोलायलाच नको होतं."

मावशी हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तू खोटं बोलली न्हाईस. तू आत जाऊन पड. थंडी हाय."

रविवारी सकाळी मला जाग आली ती काकांच्या खोकल्याने. बाहेर येऊन बघते तर गोठ्याच्या मागे तीन दगडांची चूल मांडलेली, वर एक जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं. आपल्याकडे माळकरी घरात कुणाला मटण खायचं असलं की जशी बाहेर वेगळी चूल, वेगळी भांडी असतात, तसंच. मावशी आंघोळ करून, ओल्या केसांनी, वाऱ्याच्या उलट्या बाजूला उभी होती.

"हे पातेलं परत घरात येणार न्हाई," ती म्हणाली. "पण पोटुशी बाई माझ्या घरात उपाशी राहणार न्हाई. ती तिच्या आईकडं असती तर तिला मिळालंच असतं."

मग काकांकडे बघून, "कापा."

काकांच्या समोर सुपात कोष आणि हातात ब्लेड. त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं. ती हलली नाही. त्यांनी पहिला कोष उभा चिरला. आतून तपकिरी, चकचकीत, खारकेच्या बीएवढा कोषस्थ जीव बाहेर आला आणि शेपटाकडून वळवळला. काकांनी तो न बघताच पातेल्यात टाकला. हा माणूस जत्रेत बोकड सोलायला सगळ्यात पुढे असतो. त्यांनी दुसरा कोष उचलला. दहा-बारा झाल्यावर कपाळाला घाम.

"मला न्हाई जमत," ते म्हणाले.

"विकताना जमत होतं," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "कापा."

जोनालीने त्या अळ्या आधी मिठाच्या पाण्यात उकळल्या, मग तेलात लसूण, हिरवी मिरची, कांदा टाकून परतल्या. माहेरी कोवळा बांबू आणि मोहरीचं तेल असतं, म्हणाली, इथे करडईच्या तेलावर भागवलं. वास कसा सांगू? भाजलेल्या ओल्या शेंगांचा आणि त्याच्या खाली कुठेतरी पावसाळी लाकडाचा. सोलमध्ये मी श्वास रोखून खाल्लं होतं. इथे रोखला नाही. वरचं कवच दाताखाली हलकं तडकतं आणि आत मऊ, अंड्याच्या पिवळ्या बलकासारखं, थोडं काजूसारखं. चांगलं लागतं. हे मी कोणत्याही आविर्भावाशिवाय सांगतेय. चांगलं लागतं, आणि तरी घास घशाखाली उतरताना कालचा मावशीचा चेहरा समोर होता.

"तुम्हीबी खा," मावशी काकांना म्हणाली.

"आगं, मी..."

"खा. मला बघायचंय."

काकांनी एक उचलला. डोळे मिटले. तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. मावशीने मान हलवली आणि त्यांच्याकडे पाठ केली.

जोनाली मात्र जेवत होती. बाजरीच्या भाकरीशी, पातेलं पुढ्यात घेऊन, खाली मान घालून, बोटं चाटत. मावशी आता तिच्याकडे बघत होती. वास येईल इतक्या जवळ आली नाही, पण लांबून, पदराची कड तोंडावर धरून बघत राहिली. एक भाकरी संपली. मावशी घरात जाऊन दुसरी घेऊन आली आणि वरूनच, हात न लागू देता, तिच्या ताटात टाकली.

दुपारी डोहाळजेवण. वस्तीवरच्या आणि गावातल्या बायका आल्या. जोनालीला हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा नव्हता म्हणून आंब्याखाली खुर्ची सजवली. ओटी भरली, गाणी झाली, पेढा-बर्फीच्या झाकलेल्या वाट्या पुढे केल्या, पेढा निघाला तशा सगळ्या "मुलगा, मुलगा" म्हणून ओरडल्या. पुरणपोळीवर तूप पडत होतं. आणि कुणीतरी ठरलेला प्रश्न विचारला, "सुमनबाई, सुनेला डोहाळे कशाचे लागले?"

मी मावशीकडे बघितलं. एक शब्द, चिंच, म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"कोषातल्या अळ्यांचे," मावशी म्हणाली. "सकाळी करून घातल्या."

एका बाईच्या हातातून तुपाची वाटी सुटली. दुसरीने पदर तोंडाला लावला. "माळकरी बाई तू!" असं कुणीतरी पुटपुटलं. जोनालीची मान छातीला टेकली.

"माळकरी हाय म्हणूनच खरं सांगून राह्यले," मावशी म्हणाली. "ह्या घरात खोटं लई झालं."

मी मनात म्हटलं, आता संपलं, उद्यापासून ह्या पोरीला गावात जगणं मुश्कील. तेवढ्यात कोपऱ्यातली एक म्हातारी, बोळक्या तोंडाची, पोळी कुस्करत म्हणाली, "मला भिंतीच्या मातीचे लागलेते. सासू झोपली की मी पोपडे काढून खायची. अख्खा कोपरा खाल्ला घराचा."

सगळ्या तिच्याकडे वळल्या. मग एकीने हळूच सांगितलं की तिला चुलीतली राख हवी असायची. दुसरी म्हणाली, "मी तर घासलेटचा डबा उघडून नुसती वास घेत बसायची." तिसरीने शाळामास्तर नवऱ्याच्या खिशातले खडू खाल्लेले. एक बाई नुसतीच हसत होती, तिला चारी बाजूंनी टोचल्यावर म्हणाली, "मी माळकऱ्याच्या घरातली. आन मला सुकटीचे डोहाळे. माझ्या भावाने राजूरच्या बाजारातून पुडीत बांधून आणली, मी बाभळीखाली बसून खाल्ली. आजवर कुणाला सांगितलं न्हाई." तिची सासू शेजारीच बसली होती. सासूने कपाळावर हात मारला आणि सगळं अंगण हसायला लागलं.

मी जगभर विचित्र पदार्थ शोधत फिरले आणि ते सगळे इथे हळदीकुंकू लावून ओळीने बसले होते. माती, राख, खडू, सुकट. तोंडावर पदर धरून हसणाऱ्या ह्या बायकांनी माझ्यापेक्षा धाडसाचं खाल्लं होतं, आणि कुणी टाळ्या वाजवायला नव्हतं. जोनालीने मान वर केली. खडूवाली बाई तिच्या कानाशी लागून काहीतरी विचारत होती. "मऊ असतात," असं तिचं उत्तर मला ऐकू आलं.

समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला जाऊन यायचा बेत होता, तो राहिला. तो गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, तुम्ही जाणार असाल तर वेगळा दिवस काढून जा. सोमवारी सकाळी काकांनी फाट्यावर सोडलं. मावशी निरोपाला शेडाच्या दारापर्यंत आली. पलीकडच्या शेडातले कोष काढायचे होते, माणसं लावायची होती, आणि ती काकांशी अजून कामापुरतंच बोलत होती. "काय करणार आता?" मी विचारलं. तिने नुसते हात झटकले.

पुण्याला परत आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, जालन्यात काय वेगळं खाल्लंस? मी सांगितलं. त्यांनी ई म्हटलं, मग कसं लागलं ते विचारलं, मग फोटो मागितला. फोटो नाही. नेहमी मी परत आले की कोणत्या पदार्थाला किती धाडस लागतं ते लिहिते. या वेळी कितीतरी दिवस लिहायला बसले आणि उठले. मी खाल्लं, त्याला काहीच धाडस लागलं नव्हतं. मला आठवत राहिलं ते उकळतं दूध उतू जात असताना कुणीही न उठणं. आणि सुपासमोर बसलेले काका.

मध्ये बातमी आली, जोनालीला मुलगी झाली. पेढ्याच्या वाटीचं भाकीत चुकलं म्हणून सगळे खूश. आणि परवा मावशीचा फोन.

"मने, जालन्याला जाऊन आले. कोषांच्या गाडीत बसून. ह्यांना म्हटलं, मार्केट तर बघतेच, पुढं धागा काढतात तिथंबी न्या मला."

"मावशी! कशाला?"

"आता मी खाते ती भाकरी कशाची, ते मला बघायला नको? उभी राह्यले. वाफ येऊन राह्यली होती, वास तर इतका की काही विचारू नको. बघितलं सगळं, शेवटपर्यंत."

"मग?"

"मंग काय. घरी आले, आंघोळ केली, देवाजवळ बसले. देव काय बोलत न्हाई." मागे बाळाचा आवाज येत होता. "तुझे काका म्हणतात, तू म्हणशील तर तुती उपटून टाकू. आधी विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं. आता घर त्याच्यावरच चालतं, सहज तोंडातून निघत न्हाई. माझं माझ्याशीच भांडण चालू हाय बघ."

मी तिला सांगितलं की मला हे लिहायचंय, तुझी परवानगी असेल तर.

"लिही की. खरं हाय ते लिही. पण मला लई मोठी करून लिहू नको," मावशी म्हणाली. "माझं अजून ठरलं न्हाई."